दोनाचे चार

संगणक रेंगाळायला लागला की बहुतेक घरांतले काका आधी तो बंद करून पुन्हा चालू करतात, मग त्याच्यावरची धूळ झटकतात, आणि तरीही गुण येत नाही म्हटल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतात. ही विद्या भाच्याने शिकवलेली असते आणि तिची फळेही पुढे त्यालाच भोगावी लागतात.

अशा एका काकांकडे इंटेलच्या २०११ सालच्या कोअर आय-थ्री २१०० प्रोसेसरचा संगणक आहे. घेताना दुकानदाराने 'चार कोअरचा आहे, नातवापर्यंत चालेल' असे सांगितले होते. टास्क मॅनेजरने मात्र एवढ्या वर्षांनी वेगळीच साक्ष दिली: कोअर्स २, लॉजिकल प्रोसेसर्स ४. काकांनी भाच्याला फोन लावला.

"माझे दोन कोअर गेले कुठे?"

"गेले नाहीत काका, नव्हतेच ते."

"मग चार आलेख कुणाचे हलतायत?"

प्रश्न रास्त होता. हा प्रोसेसर सेकंदाला ३१० कोटी ठोके टाकतो, पण हवी ती माहिती जवळच्या कॅशेत सापडली नाही तर ती रॅममधून येईपर्यंत दीडदोनशे ठोके सहज वाया जातात. तेवढा वेळ त्या कोअरमधले आकडेमोडीचे बरेचसे विभाग नुसते बसून असतात. समजा, एका स्वयंपाकघरात दोन जावा आहेत. शेगडी एक, ओटा एक, मिक्सर एक. जिचा तिचा वेगळा तो फक्त मिसळणाचा डबा आणि आपला पदार्थ कुठवर आलाय याचे भान. एक जण कोथिंबीर येण्याची वाट बघतेय तोवर दुसरी शेगडीवर फोडणी टाकून मोकळी होते. जेवण लवकर तयार होते. पण म्हणून घरात स्वयंपाकघरे दोन झाली असे कोणी म्हणत नाही. आणि दोघींनाही एकाच वेळी शेगडी हवी असली, तर काय होते ते वाचकांना सांगायला नको. एकाच कोअरवर कामाचे दोन धागे असे चालवणे, यालाच हायपर-थ्रेडिंग म्हणतात; दोन कोअरचे चार आलेख होतात ते त्यामुळेच.

युक्ती मूळची इंटेलची नव्हे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डीन टलसन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी १९९५ मध्येच तिच्यावर शोधनिबंध लिहिला होता. इंटेलने तिचे बारसे केले आणि २००२ मध्ये आधी सर्व्हरच्या झिऑनमध्ये, मग नोव्हेंबरात ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरमध्ये घालून ती घराघरांत पाठवली. चिपचा आकार पाच टक्क्यांहूनही कमी वाढला आणि काही कामांत वेग तीस टक्क्यांपर्यंत वाढला, असा कंपनीचा हिशेब होता. पाच टाकून तीस काढायचे, हा व्यवहार कुठल्याही पेठेत वाईट म्हटला जाणार नाही.

गोंधळ सुरू झाला तो मोजणीत. विंडोज २००० ला खरा प्रोसेसर आणि आभासी प्रोसेसर यांतला फरकच कळत नसे. तिच्या प्रोफेशनल आवृत्तीला दोनच प्रोसेसर चालवायची मुभा होती. त्यामुळे दोन झिऑनच्या यंत्रात चार दिसले की ती दोन घेई आणि उरलेल्यांकडे ढुंकूनही बघत नसे. विंडोज एक्सपीला हा भेद समजू लागला.

दरम्यान ठोके वाढवत नेण्याचा इंटेलचा बेत उष्णतेपायी फसला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. (आपल्याकडे एवढ्यावर चौकशी समिती नेमून भागले असते.) मग खरेखुरे दोन कोअर असलेले पेंटियम डी आणि कोअर टू ड्युओ आले. कोअर टू ड्युओमध्ये हायपर-थ्रेडिंगला जागाच नव्हती. ते परतले २००८ च्या पहिल्या कोअर आय-सेव्हनबरोबर. काकांच्या प्रोसेसरच्या पिढीत तर कहरच झाला. आय-फाइव्ह २४०० मध्ये कोअर चार आणि हायपर-थ्रेडिंग नाही. आय-थ्री २१०० मध्ये कोअर दोन आणि हायपर-थ्रेडिंग आहे. पडद्यावर दोघांचेही आलेख चारच. दुकानदाराने बोट दाखवले ते त्या आलेखांकडे, आणि तेवढ्यापुरते ते खोटे नव्हते.

प्रतिस्पर्धी एएमडीला हीच मोजणी महागात पडली. २०११ च्या एफएक्स-८१५० मध्ये आठ कोअर असल्याची जाहिरात होती. पण ते जोडीजोडीने बांधलेले होते आणि दशांशांची आकडेमोड करणारा विभाग प्रत्येक जोडीत सामाईक होता. मग हे आठ म्हणायचे की चार? वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटला.

काकांचा पुढचा आक्षेप टक्क्यांवर होता. एक प्रोग्राम अडकून पडलाय, आणि टास्क मॅनेजर म्हणतो वापर पंचवीस टक्के! कारण हिशेब चार आलेखांवर होतो. एकाच धाग्यावर चालणाऱ्या कामाने एक खरा कोअर पुरता दमवला तरी त्याची नोंद चारातला एक, म्हणजे पंचवीस. दोन्ही कोअर घामाघूम झाले की पन्नास. पण म्हणून निम्मी ताकद शिल्लक आहे असे समजू नये. उरलेल्या पन्नासात मिळायचे ते फटीफटीतले काम.

यावर काकांनी बायोसमध्ये जाऊन हायपर-थ्रेडिंगच बंद करायचे ठरवले. तशी सोय बऱ्याच यंत्रांत असते, आणि २०१८ मध्ये ओपनबीएसडी या सुरक्षेबाबत अतिशय काटेकोर प्रणालीने खरोखरच ते आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. एका कोअरवरचे दोन धागे कॅशे वाटून घेतात, त्यामुळे एकाची गुपिते दुसऱ्याला हेरता येण्याचा धोका असतो. पण काकांच्या दुखण्याशी याचा काही संबंध नव्हता. दुखणे होते जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचे: प्रोसेसर दोन असोत की चार, सगळे तिच्याकडे तोंड करून बसलेले. भाच्याने तिथे एसएसडी बसवली आणि संगणक पटकन सुरू होऊ लागला. काका आता आल्यागेल्याला सांगतात की दोन कोअर इतकी वर्षे झोपले होते, ते आत्ता कुठे जागे झाले.

परवा भाच्याने नवा लॅपटॉप दाखवायला आणला. इंटेलने २०२४ पासून बहुतेक नव्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांतून हायपर-थ्रेडिंग काढून टाकले आहे; वीज वाचवायची तर दुसऱ्या धाग्याच्या खटाटोपापेक्षा छोटे, कमी खाणारे खरे कोअर वाढवणे परवडते. काकांनी सवयीने तीन बटणे दाबली. कोअर्स ८, लॉजिकल प्रोसेसर्स ८. त्यांनी दोन्ही आकडे दोनदा वाचले आणि भाच्याकडे सहानुभूतीने बघितले.

"म्हणजे तुझ्या वेळेला एकावर एक फुकट बंद केलं होय रे त्यांनी?"