लेस्टरशायरचा समुद्रतळ

इंग्लंड बेटावर वसलेले असल्यामुळे तेथील कोणत्याही माणसाला समुद्र फारसा लांब नसतो; ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या हिशेबाप्रमाणे ब्रिटनमधील समुद्रापासून सर्वांत दूरची जागा डर्बीशायर परगण्यातील कॉटन-इन-द-एल्म्स या गावाजवळ आहे आणि तेथून किनारा सुमारे ११३ किलोमीटरवर येतो, जे अंतर ऐकून सोलापूरकराला हसू आवरणार नाही. ज्याला बुडालेले जहाज पाहण्याची हौस आहे त्याने या देशात गाडी कोणत्याही दिशेला वळवून एक सकाळ खर्ची घातली तरी भागते. तरीही ब्रिटिश पाणबुड्यांचे तांडे दर शनिवार-रविवारी समुद्राकडे पाठ फिरवून देशाच्या मधोमध, कॉटनच्या शेजारच्या लेस्टरशायर परगण्यात, स्टोनी स्टॅन्टन गावालगतच्या ‘स्टोनी कोव्ह’ नावाच्या पाण्याने भरलेल्या दगडखाणीकडे निघतात, आणि बुडालेले जहाज त्यांना तेथे हमखास भेटते.

या खाणीतून एकोणिसाव्या शतकापासून ग्रॅनाइट काढला जात असे. भूवैज्ञानिक या भागातील खडकाला डायोराइट म्हणण्याचा आग्रह धरतात. परंतु टणक, दाणेदार आणि खपाऊ अशा कोणत्याही दगडाला ग्रॅनाइट म्हणून विकण्याची व्यापाराची रीत सर्वत्र सारखीच असल्याने त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. तळाशी जिवंत झरे लागल्यामुळे काम चालू असेपर्यंत पाणी सतत उपसावे लागे. १९५८ साली खाण बंद पडली, पंप थांबले, आणि इतकी वर्षे अडवून धरलेल्या झऱ्यांनी जागेचा रीतसर ताबा घेतला. दगड काढताना उभा कडा एकदम न कापता रुंद पायऱ्या ठेवत खाली जायचे असते, म्हणजे माणसांना आणि यंत्रांना उभे राहायला जागा मिळते. त्या पायऱ्या पाण्याखाली गेल्यावर सुमारे सहा, वीस आणि पस्तीस मीटरवर तीन मजले तयार झाले, आणि नवशिक्या, सरावलेला व अनुभवी अशा पाणबुड्यांच्या तीन वर्गांची सोय त्या खाणकामगारांनी, पाण्याचा थेंबही नको असताना, करून ठेवली. १९६० च्या दशकात उत्तर समुद्रातील तेलाच्या कामासाठी लागणारे व्यावसायिक पाणबुडे येथे तयार केले जात, म्हणजे समुद्रात जाणारा माणूस समुद्रापासून शक्य तितक्या लांब नेऊन घडवला जाई.

नुसत्या दगडी भिंती पाहायला माणसे थंड पाण्यात उतरत नाहीत, तेव्हा प्रेक्षणीय स्थळे बाहेरून आणावी लागली. ‘स्टेनगार्थ’ हे त्यांतले मुख्य दैवत होय. ही १९१० साली बांधलेली टगबोट, म्हणजे स्वतः लहान असून मोठ्या नौकांना ओढून नेणारी बलदंड बोट. आयुष्यभर तरंगत राहण्याचे कर्तव्य तिने चोख बजावले आणि २००० साली, नव्वदाव्या वर्षी, तिला समारंभपूर्वक बुडवण्यात आले. खाणीला नदी किंवा कालवा जोडलेला नसल्यामुळे या जलयानाला आपल्या जलसमाधीच्या जागी सडकेने यावे लागले. तिच्याखेरीज व्हायकाउंट प्रवासी विमानाचा पुढचा भाग आणि वेसेक्स जातीचे हेलिकॉप्टरही पाण्याखाली आहे. यांपैकी एकालाही तेथे अपघात झालेला नाही, उलट जागा पाहून आणि खोली मोजून प्रत्येकाची स्थापना केलेली आहे. ब्रिटिश पाणबुड्याला तळाशी काहीतरी ठेवलेले लागतेच. कंब्रियातील वॉस्टवॉटर या नैसर्गिक सरोवरात तर या मंडळींनी बागेत ठेवायच्या बुटक्यांच्या मूर्ती नेऊन, भोवती कुंपण घालून, बगीचाच मांडला होता, आणि तो पाहण्याच्या नादात लोक झेपेल त्याहून खोल जाऊ लागल्यावर पोलिसांच्या पाणबुड्यांना खाली उतरून तो उचलावा लागला. पोलीस पंचनाम्यात बुटक्यांची नोंद कोणत्या शीर्षकाखाली होत असेल, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाच्या मनाची येथे थोडी ओढाताण होते. दगडखाणीतले पाणी म्हटले की ‘येथे पोहू नये’ हा फलक आणि त्या फलकालाच कपडे अडकवून पाण्यात उडी घेणारी मुले त्याला आठवतात, तर स्कूबा म्हटले की मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची होडी आणि पाठीमागून सिलिंडर धरून सगळीकडे फिरवणारा तो दादा, ज्याच्या भरवशावर पोहता न येणारा माणूसही मासे पाहून, चित्रफीत घेऊन, जेवणाच्या वेळेला काठावर परततो. स्टोनी कोव्हला असा दादा नसतो. येथे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि सोबत ‘बडी’ असावा लागतो. बडी म्हणजे पाण्याखाली एकमेकांच्या हवेवर व अकलेवर लक्ष ठेवणारा जोडीदार, ज्याची निवड काही विवाहांपेक्षा अधिक चौकशी करून केली जाते.

पाण्यात उतरण्याआधी वाहनतळावर जो विधी चालतो तो या प्रवासाचा सर्वांत दीर्घ भाग होय. स्कूबा म्हणजे श्वासाची सामग्री अंगावर वागवून केलेले पाण्याखालचे भ्रमण. १९४३ साली झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने मागणीनुसार हवा सोडणारी झडप सिद्ध केल्यापासून माणूस माशासारखा स्वैर झाला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मात्र माशाला ड्रायसूट घालावा लागत नाही. ड्रायसूट हा आत पाणी येऊ न देणारा, मान आणि मनगटाशी रबरी पट्ट्यांनी आवळलेला पोशाख असून, दोन माणसांची गादी एका माणसाच्या खोळीत भरण्याचा जो अनुभव गृहस्थाश्रमात येतो तोच येथे स्वतःच्या देहाबाबत घ्यावा लागतो. डोके मानेच्या पट्टीतून बाहेर येईपर्यंतचे काही क्षण पाणबुडा जमिनीवरच श्वासासाठी झगडतो, आणि दिवसातला सर्वांत कठीण प्रसंग पुष्कळदा हाच ठरतो. त्यानंतर शिशाची वजने येतात. पोशाखातील हवेमुळे माणूस तरंगतो, म्हणून त्याला शिसे बांधून बुडवावे लागते. पण गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असल्याने, साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला खाणीत अडीचेक किलो शिसे कमी लागते. हा हिशेब विसरलेले समुद्रवीर पहिल्याच पायरीवर असे जाऊन बसतात की त्यांनाही एखादे प्रेक्षणीय स्थळ समजून नवशिके प्रदक्षिणा घालतात.

खाली बोलता येत नाही, खुणांवर भागवावे लागते, आणि भारतीय माणूस येथेच फसतो. तर्जनी व अंगठा जोडून केलेले वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’; वर केलेला अंगठा म्हणजे मात्र ‘वर चला’, आणि ही खूण दिसताच जोडीदाराने वाद न घालता निघायचे असते. दादरपासून डोंबिवलीपर्यंत ‘उत्तम’ या अर्थाने अंगठा दाखवण्याची सवय जडलेल्या प्रवाशाला पाण्याखाली कोणी आपुलकीने ‘ठीक ना?’ असे विचारले की तो मनापासून अंगठा वर करतो, आणि तेवढ्यावर नुकतीच सुरू झालेली मोहीम गुंडाळली जाते.

उन्हाळ्यात काही मीटर उतरल्यावर थर्मोक्लाइन लागते, म्हणजे कोमट हलके पाणी आणि त्याखालचे थंड जड पाणी यांच्यामधली सीमा. ती इतकी स्पष्ट असू शकते की कमरेपर्यंत एक ऋतू आणि कमरेखाली दुसरा, अशी अवस्था होते. गोडे पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि थंड पाणी तळाशी साठून राहते, म्हणून वर इंग्रज लोक उन्हाने भाजून निघाल्याची तक्रार करीत असताना खाली मे महिन्यातही माघ चालू असतो. गाळाचा उपद्रव याहून मोठा. समुद्रात उडालेला गाळ भरती-ओहोटी वाहून नेते, खाणीच्या कोंडलेल्या पाण्यात तो तेथेच घुटमळतो. म्हणून पायातले पंखे एकदा चुकीचे हलले की स्टेनगार्थ ही शंभरी ओलांडलेली बोट अर्ध्या मिनिटात नाहीशी होते, आणि एकामागून एक आलेले प्रशिक्षणार्थींचे वर्ग तिचे दर्शन चाचपडून घेतात. या गर्दीकडे पाइक नावाचा लांब जबड्याचा शिकारी मासा आडोशाला निश्चल राहून पाहत असतो. आपल्याला पाहण्यासाठी पैसे भरून आलेल्यांकडे त्याने टाकलेला कटाक्ष सरकारी कचेरीतील खिडकीमागच्या कोणत्याही कटाक्षाइतकाच तटस्थ असतो.

पस्तीस मीटरच्या तळाशी पाहण्यासारखे फारसे नाही, आणि तरीही प्रत्येकाला तेथे जायचे असते. दर दहा मीटरला एक वातावरण या दराने दाब वाढत असल्यामुळे, वरच्या हवेचे एक धरून, तेथे साडेचार वातावरणे इतका दाब असतो, प्रत्येक श्वासात साडेचारपट हवा खर्च होते, आणि दाबाखालच्या नायट्रोजनमुळे मेंदूला गुंगी येते. तिला नार्कोसिस म्हणतात. दर दहा मीटरला रिकाम्या पोटी घेतलेली एक मार्टिनी, असा तिचा प्रचलित हिशेब आहे. काही जाणकार दहाऐवजी पंधरा मीटर सांगतात, आणि मोजणी ज्या अवस्थेत झाली ती पाहता हा मतभेद क्षम्य मानला पाहिजे. या धुंदीत पाणबुड्याला काळोखी दगडी भिंत असामान्य सुंदर भासते, तो जोडीदाराला ती उत्कटतेने दाखवतो, आणि वीस मीटरपर्यंत वर येताच त्या सौंदर्याचा तपशील दोघांनाही सांगता येत नाही.

वर येण्याला घाई चालत नाही, कारण अंगात मुरलेला नायट्रोजन दाब झपाट्याने उतरल्यास बुडबुड्यांच्या रूपाने सांधे आणि मज्जासंस्था गाठतो. म्हणून पाच मीटरच्या आसपास तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. काठावर उपाहारगृह व मद्यगृहही आहे आणि वरच्या मार्टिन्या फुकट मिळालेल्या असल्या तरी येथे पैसे मोजावे लागतात. तेथे ओल्या केसांची मंडळी लॉगबुक, म्हणजे प्रत्येक बुडीची रोजनिशी, भरत बसतात. तीत खोली, वेळ, तापमान लिहून जोडीदाराची सही घ्यायची असते, आणि शेवटी ‘काय पाहिले’ असा एक रकाना असतो. अनुभवी पाणबुडे तेथे स्टेनगार्थ लिहून मोकळे होतात. गाळाच्या दिवशी आलेला एखादा सत्यनिष्ठ नवशिका मात्र बराच विचार करून ‘जोडीदाराचा डावा पाय’ अशी नोंद करतो, आणि जोडीदार ती वाचून, पाय उजवा होता एवढी दुरुस्ती सुचवून, खाली सही करतो.