चिलापीचे वतन

भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयावर सांप्रत जिचा अंमल चालतो, ती चिलापी मासळी मूळची आफ्रिकेच्या आग्नेय भागातील नद्यांची रहिवासी असून, गरिबाच्या पानात स्वस्त प्रथिने पडावीत या लोककल्याणकारी हेतूने १९५२ साली तिला सन्मानपूर्वक या देशात आणण्यात आले, हे आधीच नमूद केलेले बरे. कारण पुढच्या सर्व प्रकाराचा ठपका एकट्या बिचारीवर ठेवण्याचा प्रघात आहे.

दोन-तीन महिन्यांची होते न होते तोच ती वयात येते, वर्षातून अनेकदा प्रसवते, आणि अंडीच नव्हे तर पिलेही तोंडात सांभाळीत, त्या अवधीत जवळजवळ उपाशी राहते. (तोंडात ऐवज असताना उपाशी राहण्याचा हा संयम सार्वजनिक जीवनात अन्यत्र आढळत नाही.) नर तळ उकरून घरटी करतो आणि पाणी गढूळ करतो, शेवाळ संपले की इतरांची अंडी व पिले यांवरही या कुटुंबाची उपजीविका चालते. संख्या बेसुमार वाढली की देह मात्र खुजा राहतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत येऊन प्राणवायू घटला, म्हणजे इतर मासे तडफडतात आणि चिलापीला जणू सरकारी अनुदान मिळते.

सरकार स्वस्थ बसले होते असे नव्हे. तिच्या प्रसारास मनाई करणारा हुकूम १९५९ सालीच निघाला होता. उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले, म्हणजे हुकूम जलाशयाहून वीस वर्षांनी वडील! एवढ्या ज्येष्ठ हुकुमाने धाकट्या जलाशयात लक्ष घालणे त्याच्या दर्जाला शोभले नसते.

आता जलाशयाकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापीचे लिलाव होतात, खानावळींत तिच्या थाळीची ख्याती आहे, आणि कोळ्यांच्या चुली तिच्यावर पेटत असल्याने तिला हुसकावण्याची भाषा करणारा उद्या लोकविरोधी ठरेल. रोहू-कटलाही गंगेकडून आणलेले बिऱ्हाडकरूच. परंतु त्यांची चौकशी कोणी करीत नाही. राहता राहिला दख्खनचा महसीर, ज्याची नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ साली याच मुळा-मुठेवरून शास्त्राच्या दप्तरी केली, आणि जो खडकाळ वाहत्या पाण्यात अंडी घालून ती दैवावर सोपवितो. धरणे आणि घाण यांनी आधीच हवालदिल झालेला तो वतनदार भिगवणच्या लिलावात कधी अवतरलाच, तर त्याच्याकडे प्रथम रहिवासाचा दाखला मागितला जाईल.