स्वेटर घेऊन विषुववृत्ताकडे

परदेश म्हटला की मराठी घराचा हात आधी स्वेटरकडे जातो, मग तो देश कुठलाही असो. माझी भाची पुण्याहून सिंगापूरला एम.एस्सी. करायला निघाली, तेव्हा तिच्या आजीने कपाटातून पहिल्यांदा बाहेर काढला तो जाड विणीचा लाल स्वेटर. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत. दुपारी ३१-३२, रात्री २४-२५, मग जानेवारी असो की मे. हे सगळं नकाशासकट समजावून झाल्यावर आजी म्हणाली, "असू दे. परदेश आहे तो."

खरं तर उष्णकटिबंधाचं अप्रूप आपल्याला असायचं कारण नाही. कर्कवृत्त मध्य प्रदेश-गुजरातेतून जातं. अख्खा महाराष्ट्र त्याच्या खाली, म्हणजे आपण जन्मजात उष्णकटिबंधीय. पण सामान भरताना हे कुणाला आठवत नाही. आपल्या मनातला परदेश एकच, आणि तिथे कायम बर्फ पडत असतो.

गंमत अशी की स्वेटर लागतोच. सिंगापुरात बाहेर घामाच्या धारा आणि आत थंडीचा कडाका. वसतिगृहातल्या बऱ्याच खोल्यांत नुसता पंखा फिरतो, पण व्याख्यानाच्या दालनात आणि ग्रंथालयात एसी असा सोडलेला असतो की तिसऱ्या रांगेत बसलेल्याने नाकापर्यंत झिप ओढावी. ली क्वान यू यांनी देशाच्या प्रगतीचं मोठं श्रेय वातानुकूलनाला दिलं होतं. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी अगदी सुरुवातीला जी कामं केली, त्यांत सरकारी कचेऱ्यांत एसी बसवणं हे एक होतं. तो गारवा बहुधा अजून उतरलेला नाही. म्हणजे आजीचा निष्कर्ष बरोबर, फक्त कारण चुकलेलं. आजी कारणांच्या बाबतीत आग्रही नाही.

खरा शत्रू दमटपणा. सिंगापुरातला पाऊस वर्षाला साधारण २१०० मिलिमीटर. रत्नागिरीला याहून जास्त पडतो, पण रत्नागिरी तो चार महिन्यांत उरकून मोकळी होते. तिकडे तो बाराही महिन्यांत वाटून दिलेला. कोकणातला आषाढ कुणी वर्षभर लांबवावा, तसं. चामड्याच्या बुटांवर पांढरी लव धरते, पापड मान टाकतात, जीन्स वाळता वाळत नाही. म्हणून सुती, पातळ, लवकर वाळणारे कपडे न्यावेत, आणि बूट कापडाचे. हे मी सांगितलं. ताईने ऐकलं, मान डोलावली आणि लग्नाकार्यासाठी म्हणून एक भरजरी ड्रेस बॅगेत सारला. कुणाचं लग्न, ते अजून ठरायचं आहे.

मग फराळ. इथे मात्र मला आवाज चढवावा लागला, कारण अनारसे निघाले होते. सिंगापुरात खसखस नेता येत नाही; अफूच्या झाडाचं बी म्हणून ती निषिद्ध मालात मोडते. "अनारशाने कुणाला नशा चढलीय का?" हा आजीचा सवाल रास्त होता, पण तो चांगी विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्यासमोर मांडायला आजी स्वतः जाणार नव्हती. मग काळ्या मसाल्याच्या डब्याचीही झडती झाली. "यात खसखस घातली होती का?" यावर आजी बराच वेळ छताकडे बघत राहिली. डबा घरीच राहिला. च्युइंगमची आयात तिकडे १९९२ पासून बंद आहे, पण त्याचं आमच्याकडे कुणाला सोयरसुतक नव्हतं.

वास्तविक लिटल इंडियात, सेरांगून रोडवर, तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. तिथल्या मुस्तफा नावाच्या दुकानात तर प्रेशर कुकरही मिळतो. पण घरच्यांना मुलीची गैरसोय टाळायची नसते, स्वतःच्या जिवाची समजूत घालायची असते. आणि ती मुस्तफात मिळत नाही.

कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, तीन चौकोनी पायांच्या प्लगचा अडॅप्टर, छत्री हे भाचीने गुपचूप भरून टाकलं. त्यात वाद घालण्यासारखं काही नसल्यामुळे कुणी लक्षही दिलं नाही. मी माझ्याकडून टिश्यूची छोटी पाकिटं दिली. तिकडच्या हॉकर सेंटरात टेबल अडवायचं तर पाकीट टेबलावर ठेवून खुशाल जेवण आणायला जावं, कुणी हात लावत नाही. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकत मोठे झालेलो, त्यामुळे ही विद्या तिला शिकवावी लागली नाही.

सगळ्यात शेवटी आजीने कालनिर्णय काढलं. "संकष्टीचा चंद्रोदय यात पुण्या-मुंबईचा असतो गं आजी," भाची म्हणाली, "तिकडचा मी मोबाइलवर बघीन."

"आणि ढग असले तर?"

"तर मोबाइलवर विश्वास ठेवून जेवीन."

आजीने हे मोठ्या मनाने मान्य केलं, पण कालनिर्णय बॅगेत गेलंच. काट्यावर वजन दीड किलो जास्त भरलं. लाल स्वेटरपासून भरजरी ड्रेसपर्यंत प्रत्येक वस्तूचा खटला पुन्हा चालला, आणि तासाभराने एकच वस्तू सर्वानुमते बाहेर निघाली : भाचीच्या विषयाचं जाडजूड पुस्तक. ते काय, तिथल्या ग्रंथालयात मिळतंच, असं आजीचं म्हणणं पडलं.