रावसाहेबांचे आवर्तन

स्वतःची दाढी स्वतः करणारा गृहस्थ आणि स्वतःच्या मोटारीचा ब्रेक स्वतः दुरुस्त करणारा गृहस्थ यांच्यात वरवर पाहता काही भेद दिसत नाही. परंतु पहिल्याचे एका आरशावर भागते, आणि दुसऱ्याला जॅक, दहाचा रिंग पाना, सलाइनची नळी, एक रिकामी बाटली, एक सहनशील शेजारी आणि त्याहून सहनशील पत्नी एवढा सरंजाम लागतो, आणि तरीही तो हयातभर आपणांस स्वावलंबी म्हणवून घेतो. या संप्रदायाचे आमच्या बारामतीतील आळीतले अधिकृत प्रतिनिधी म्हणजे रावसाहेब.

रावसाहेबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर झाली. वीरपाशी निघून, पुरंदर आणि बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात संपणाऱ्या त्या इंग्रजी अमदानीतल्या कालव्याचा प्रत्येक फाटा आणि प्रत्येक चारी त्यांना आपल्या तळहातावरच्या रेषांपेक्षा अधिक परिचित. सेवानिवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांच्याकडून दप्तर, शिक्के आणि दारांच्या किल्ल्या रीतसर परत घेतल्या. परंतु डोक्यातला कालवा परत घेण्याची तरतूद कोणत्याच नियमात नसल्यामुळे तो तेथेच वाहत राहिला, आणि अखेरीस वाट काढीत काढीत त्यांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीत शिरला.

या गाडीविषयी त्यांच्यासमोर वावगा शब्द उच्चारण्याची सोय नाही. ज्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले, त्यांनीच 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. सबब ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली असली, तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाटचा असला, तरी तिचे खरे माहेर इंदापूर तालुकाच होय, असा रावसाहेबांचा निवाडा आहे. वहिनींचेही माहेर इंदापूरच. त्यामुळे घरातल्या दोन्ही इंदापूरकरणींपैकी पहिली विचारपूस कोणाची होते, हा प्रश्न आळीत दबक्या आवाजात अधूनमधून चर्चिला जातो.

दसऱ्याला पान्यांची पूजा झाली की पुढचा रविवार ब्रेक ऑइल बदलण्यासाठी मुक्रर. दोन वर्षांतून एकदा बदलले तरी चालते, असे जाणकार सांगतात. रावसाहेब दरवर्षी बदलतात, कारण पावसाळा संपला आहे आणि गळीत हंगाम तोंडावर आहे. त्यामागचा कार्यकारणभाव ते प्रतिवर्षी आम्हांस नव्याने समजावून देतात. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नवे तेल 205 अंशांपर्यंत उकळत नाही; तेच पाणी प्यायले की 140 अंशांपाशी हार खाते, त्याची वाफ होते, आणि वाफ ही दाबली असता दबणारी वस्तू असल्यामुळे पाय थेट फळीला टेकतो व गाडी मात्र आपल्या गतीने पुढे जात राहते. "आपल्या जिरायती गावांना आभाळ पाणी द्यायला का-कू करतं," रावसाहेब खेदाने म्हणतात, "पण त्याच हवेतून हे तेल बरोबर पाणी हुडकून काढतं. याला पाणी-अर्ज लागत नाही, पाळी लागत नाही!"

कामाचा दिवस उजाडला की नेमणुका जाहीर होतात. स्वतः रावसाहेब चाकाशी, वहिनी पेडलवर, आणि बॉनेट उघडून तेलाच्या टाकीवर नजर ठेवण्यासाठी बिनपगारी मोजणीदार म्हणून मी. मोजणीदाराचे कर्तव्य एकच: टाकीतली पातळी खाली जाऊ लागली की वरून नवे तेल घालावे, आणि टाकी कदापि रिकामी होऊ देऊ नये. तेलाचा थेंब मडगार्डावर सांडल्यास रंग निघतो, म्हणून पाण्याचा तांब्याही माझ्याच ताब्यात.

मग आवर्तन सुटते, आणि येथेच रावसाहेबांच्या दोन विद्यांचा संगम होतो. सर्वांत लांबचे चाक सर्वांत आधी, हा ब्रेकमधली हवा काढण्याचा दंडक. आणि पाणी टेलपासून माथ्याकडे द्यावे, हा कालव्याचा. आधी डावे मागले चाक, नंतर उजवे मागले, मग डावे पुढले, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी असलेले उजवे पुढले. डाव्या मागल्या चाकाला ते 'इंदापूर' आणि उजव्या पुढल्याला 'वीर' म्हणतात. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कल नामक फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त त्यांना पूर्णपणे मान्य आहे. फक्त उघड्या कालव्याला हा कायदा लागू असता तर टेलच्या शेतकऱ्याचा एकही अर्ज आपल्या टेबलावर आला नसता, एवढी हळहळ ते त्याला जोडतात.

"दाब," चाकाखालून हुकूम येतो. वहिनी तीन-चार वेळा पंप मारतात. "धर." वहिनी पेडल दाबून धरतात. निप्पल पाव फेरा सैल होते, नळीतून काकवीच्या रंगाचे जुने तेल बुडबुड्यांसह बाटलीत उतरते, आणि पेडल वहिनींच्या पायाखाली हळूहळू खचत जाते. हा क्षण सर्वांत नाजूक. कारण निप्पल आवळण्यापूर्वी पाय उचलला गेला, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सारी मेहनत फुकट. म्हणून वहिनी दर खेपेस विचारतात, "सोडू का?" आणि पाना आवळून झाल्याशिवाय "सोड" हा शब्द बाहेर पडत नाही. दाब, धर, सोडू का, सोड: चार चाकांसाठी हे संभाषण चाळीस-पन्नास वेळा तरी व्हायचे. ज्या बारामतीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, तेथे एकाच संवादाच्या एवढ्या आवृत्त्या निघाल्याचे कोणास नवल वाटू नये.

गेल्या वर्षी 'वीर' गाठताना घात झाला. पाटकऱ्याने रात्री दार कसे चोरून उघडले, हा प्रसंग रावसाहेब चाकाखालून सांगू लागले, आणि तो ऐकण्यात मी इतका तल्लीन झालो की टाकीने तळ गाठला, हे खरखर आवाज येईपर्यंत माझ्या ध्यानी आले नाही. आत हवा शिरली. रावसाहेब बाहेर आले, टाकीत डोकावले, आणि ज्या शांततेने त्यांनी पूर्वी कालवाफुटीचे पंचनामे केले असतील त्याच शांततेने आपल्या वहीत लिहिते झाले: "मोजणीदार हजर असूनही गैरहजर." मग पुनश्च 'इंदापूर'पासून प्रारंभ. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त चप्पल काढून त्यांनी पाय बदलून पाहिला, आणि डाव्या पायाने ते काम होत नाही अशी खात्री पटताच पुन्हा उजवाच ठेवला.

संध्याकाळी जुन्या तेलाची बाटली मोरीवरच्या फळीवर गेली. तिच्यावर "काकवी नव्हे, विष" अशी चिठ्ठी डकवलेली असते. पूर्वी एका पाहुण्याने भाकरीबरोबर ती मागितल्यापासूनची ही खबरदारी. मिस्तरीकडे हेच काम चहा पिऊन होईपर्यंत उरकले असते, असे मी सुचवून पाहिले. "जिवाशी गाठ असलेली गोष्ट परक्याच्या हाती द्यायची नसते," रावसाहेब म्हणाले. परक्याच्या हाती देत नव्हतेच ते. घरच्यांच्या पायी देत होते.

भाऊबीजेला त्यांनी मलाही इंदापूरला नेले. वहिनी पुढे डावीकडे, मी मागे. काटेवाडी गेली, दिवस मावळला, आणि भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक बिनदिव्यांचा ट्रॅक्टर बांधावरून अकस्मात रस्त्यावर आला. रावसाहेबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत, एखाद्या आज्ञाधारक पाटकऱ्याप्रमाणे उभी राहिली. पुढचे वाढे काचेपासून हातभर अंतरावर डुलत होते.

कोणी काही बोलले नाही. मी सहज पुढे वाकून पाहिले. वहिनींचा उजवा पाय, जेथे पेडल नाही, जेथे नुसता पत्रा आहे, तेथे सगळ्या ताकदीनिशी रुतलेला होता.

"सोडू का?" त्यांनी विचारले.

रावसाहेबांची नजर ट्रॉलीवर होती. "थांब," ते म्हणाले, "दुसरी जाऊ दे."

दुसरी गेली.

"सोड."