नव्या बॅटमॅनला हरकत कशी घ्यावी

सुपरहिरोच्या भूमिकेत कोण, ही बातमी फुटल्यापासून तो चित्रपट पडद्यावर येईपर्यंत दोन-अडीच वर्षे सहज जातात. या काळात नटाला व्यायाम असतो, दिग्दर्शकाला चित्रीकरण असते, पोशाख शिवणाऱ्यांना रात्रीचा दिवस करावा लागतो. रिकामा राहतो तो चाहता. त्याच्या हाताला काम मिळावे म्हणून पुढील सूचना देत आहोत. उद्योग मूळचा अमेरिकेतला. पण आता डोंबिवलीपासून डब्लिनपर्यंत मराठी घरांतही तो जोमाने चालतो. मात्र सरावाअभावी आपले अनेक होतकरू चाहते ऐन मोक्याला ‘पिक्चर येऊ दे, मग बोलू’ असे बोलून जातात आणि मित्रमंडळींत कायमचे नाव घालवून बसतात.

तेव्हा सर्वांत आधी वेळेचे. हरकत बातमीच्या दिवशीच घ्यावी. बातमी पूर्ण वाचून होण्याआधी घेतली तर उत्तम. नटाला पोशाखात पाहून घेतलेली हरकत शिळी, ट्रेलर पाहून घेतलेली त्याहून शिळी. चित्रपट पाहून घेतलेल्या हरकतीला समीक्षा म्हणतात. तिच्यात तिकिटाचे पैसे जातात, शिवाय मत बदलण्याचा धोका असतो.

या शास्त्राचा पाया १९८८ साली घातला गेला. टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटनचे नाव जाहीर झाले आणि अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांच्या पोटात गोळा आला. कीटन म्हणजे ‘मिस्टर मॉम’मधला, नोकरी गेल्यावर घरी बसून पोरे सांभाळणारा बाप. कीटन म्हणजे त्याच वर्षी आलेल्या ‘बीटलज्यूस’मधले आचरट भूत. त्यात चाहते आधीच पोळलेले. १९६६ च्या टीव्ही मालिकेत ॲडम वेस्टच्या बॅटमॅनने गुद्दा हाणला की त्याचा आवाज रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटायचा, आणि त्या थट्टेचे ओझे वीस वर्षे यांच्या डोक्यावर होते. १९८६ मध्ये फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ने बॅटमॅनला कुठे वजन मिळवून दिले, तोच हा विनोदी नट. वॉर्नर ब्रदर्सच्या कचेरीत निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे पोचल्याचे सांगितले जाते.

पन्नास हजार पत्रे म्हणजे काय, याचा आजच्या पिढीने जरा हिशेब करावा. तेव्हा अमेरिकेत साध्या पत्राचे तिकीट पंचवीस सेंटचे होते. म्हणजे नुसत्या तिकिटांचेच साडेबारा हजार डॉलर झाले. कागद, पाकिटे आणि जिभेची लाळ वेगळी. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या शेअर बाजाराच्या गंभीर दैनिकाने त्या नाराजीची बातमी पहिल्या पानावर छापली. आज अंगठ्याच्या एका हालचालीत याचिकेवर सही करणाऱ्यांनी या पूर्वसूरींपुढे नतमस्तक व्हावे.

पुढे १९८९ च्या जूनमध्ये चित्रपट लागला आणि जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर कमावून मोकळा झाला. कीटनच्या डोक्यावरचे रबरी शिरस्त्राण खांद्यांपर्यंत एकसंध असल्याने त्याला मान वळवता येत नसे. बाजूला बघायचे तर अख्खे धड फिरवावे लागे. ते इतके भारदस्त दिसले की खरा बॅटमॅन असाच वळतो, अशी चाहत्यांची खात्री पटली.

इथे कच्चा माणूस म्हणेल, हरकत फुकट गेली. शास्त्र असे की हरकत कधीच फुकट जात नाही. ज्याच्यावर ती घेतली, तोच पुढच्याला नाकारण्याचे माप बनतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बेन ॲफ्लेकचे नाव आले तेव्हा चाहत्यांच्या याचिका निघाल्या. २००३ चा त्याचा ‘डेअरडेव्हिल’ कोणी विसरले नव्हते. ‘अरे, कुठे कीटन आणि कुठे हा?’ असे विचारायला कीटन आता उपलब्ध होता. २०१९ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन आला. ‘ट्वायलाइट’मध्ये उन्हात चमचमणारा रक्तपिपासू तो हाच. लगेच पुन्हा याचिका निघाली आणि आता ॲफ्लेकची आठवण काढून गळा दाटू लागला. पॅटिन्सनही २०२२ च्या ‘द बॅटमॅन’नंतर पास झालेला आहे, म्हणजे पुढच्या इसमाला हाणायला तोही तयार. नवशिक्याने एवढी एकच वही ठेवली तरी पुरे: डाव्या पानावर आधी कोणाला शिव्या घातल्या, उजव्या पानावर आता त्याचे गुण.

हरकतीचा सर्वांत सोपा प्रकार मापांचा. स्थळ नाकारताना आपल्याकडच्या आत्या-मावश्या जी तत्परता दाखवतात ती इथे अंगी बाणवावी: आधी उंची, मग अंगयष्टी, मग नाकडोळे, आणि वेळ उरलाच तर गुण. कॉमिक्समधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा, बुटका आणि केसाळ. ‘एक्स-मेन’मध्ये ह्यू जॅकमन आला तो त्याहून जवळजवळ फूटभर उंच. वर तो ऑस्ट्रेलियन. त्याहून वर लंडनच्या रंगभूमीवर ‘ओक्लाहोमा!’ या संगीत नाटकात गाणारा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पहिली पसंती नव्हेच. आधी ठरलेला डगरे स्कॉट ‘मिशन इम्पॉसिबल २’च्या लांबलेल्या चित्रीकरणात अडकला म्हणून याला बोलावणे आले. हरकतदाराला इतके सुरेख साहित्य एका माणसात क्वचितच सापडते. याचा २००० साली किती उपयोग झाला ते विचारू नका. २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये त्याच जॅकमनने अखेर कॉमिक्समधला पिवळा पोशाख चढवला, आणि त्याच चित्रपटात मापाबरहुकूम बुटका वुल्व्हरिन क्षणभर दाखवला तो हशा घेण्यासाठी.

मापे काढताना समोरची व्यक्ती उलट उत्तर देणार नाही याची मात्र खात्री करून घ्यावी. वंडर वूमनसाठी गॅल गॅडॉटची निवड झाली तेव्हा ती फार बारीक आहे, छाती पुरेशी नाही, असे बिनदिक्कत बोलले गेले. तिने ग्रीक दंतकथेतल्या ॲमेझॉन योद्ध्यांचा दाखला दिला. त्यांना एकच स्तन असे म्हणतात, तेव्हा पोथीला धरूनच जायचे तर मोठी पंचाईत होईल, असे तिचे म्हणणे. असे उत्तर आल्यास हरकतदाराने पाणी प्यावे आणि विषय बदलावा.

मापांनंतरची पायरी ‘मुळात असे नव्हते’ ही. अनुभवी माणसे सर्वाधिक काळ इथेच रमतात, कारण मूळ कुठले हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला. १९३८ चा मूळ सुपरमॅन उडत नसे, तो लांब उड्या मारी. १९३९ चा बॅटमॅन सुरुवातीच्या काही गोष्टींत चक्क पिस्तूल बाळगून होता. १९६२ च्या पहिल्या अंकातला हल्क करड्या रंगाचा होता. हिरवा तो नंतर झाला. एवढ्या मागे जाणे गैरसोयीचे असल्याने शास्त्राने व्यवहारी तोड काढली आहे: आपण बारा वर्षांचे असताना हाती आलेला अंक, किंवा तेव्हा दुपारी टीव्हीवर लागणारे कार्टून, ते मूळ. त्याआधीचे सगळे कच्चे, त्यानंतरचे सगळे भ्रष्ट. (ज्यांचे बारावे वर्ष इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळासोबत गेले, त्यांनी १९९६ मध्ये बिली झेन वेताळ झाला तेव्हा हरकत घ्यायची सुवर्णसंधी दवडली. तो चित्रपट इतक्या चटकन उतरला की आमच्या पिढीला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही.)

याच ‘मूळ’च्या आडून आणखी एक हरकत आत शिरते, आणि तिच्याबाबत मात्र आमच्याकडून काही मार्गदर्शन मिळणार नाही. २०११ च्या ‘थॉर’मध्ये हाइमडालच्या भूमिकेत इड्रिस एल्बा आला तेव्हा नॉर्स देव कृष्णवर्णीय कसा, म्हणून बहिष्काराची भाषा झाली. हातोडा आपणहून उडत थॉरच्या हातात येतो ते चालते आणि माझा रंग तेवढा चालत नाही, अशा अर्थाचे एल्बाचे उत्तर होते. ‘आजकाल हे नवेच खूळ’ म्हणणाऱ्यांना आठवत नसेल, पण त्या रंगीबेरंगी बॅटमॅन मालिकेत १९६७ मध्येच अर्था किट कॅटवूमन होऊन गेली. निक फ्यूरीची गोष्ट तर उलट्या दिशेने घडली. २००२ च्या ‘द अल्टिमेट्स’ या कॉमिकने फ्यूरीला सॅम्युएल एल. जॅक्सनचा चेहरा दिला, तोही त्याला न विचारता, आणि २००८ मध्ये जॅक्सन खरोखरच पडद्यावर फ्यूरी झाला. म्हणजे निवड कागदानेच केली होती. जुन्या कॉमिक्सबरहुकूम गोरा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला फ्यूरी १९९८ मध्ये टीव्हीवर येऊन गेला आहे: डेव्हिड हॅसलहॉफ. त्याला परत आणा म्हणून कोणी पत्रे लिहिल्याचे ऐकिवात नाही. उंचीची, हनुवटीची, मिशीची हरकत पहिल्या चांगल्या ट्रेलरनंतर विरघळते. रंगाची विरघळत नाही, यावरून ती कॉमिक्सच्या प्रेमातून येत नाही एवढे ओळखावे आणि तिची उधारी कॉमिक्सच्या खात्यावर मांडू नये.

नुसता नकार देणे असंस्कृतपणाचे दिसते. म्हणून हरकतीसोबत आपला उमेदवार सुचवावा. उमेदवार असा असावा की तो कधीच घेतला जाणार नाही. घेतला गेला तर काय होते, ते जॉन क्रासिन्स्कीच्या चाहत्यांना विचारा. यालाच ‘फँटॅस्टिक फोर’मधला रीड रिचर्ड्स करा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे घोशा लावला होता. २०२२ मध्ये ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागात तो रीड रिचर्ड्स होऊन आला, टाळ्या पडल्या, आणि काही मिनिटांतच त्या चित्रपटातल्या खलनायिकेने, वांडाने, त्याच्या चिंध्या करून टाकल्या. पुढे २०२५ च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये ती भूमिका पेद्रो पास्कालकडे गेली आणि चर्चा मिशीवर येऊन थांबली. निकोलस केजच्या सुपरमॅनची तऱ्हा आणखी वेगळी. टिम बर्टनचा तो चित्रपट १९९८ मध्ये पोशाखाच्या चाचणीपर्यंत जाऊन बासनात गेला. न झालेल्या चित्रपटाला कोणतीच हरकत लागू होत नसल्याने केज पंचवीस वर्षे निष्कलंक राहिला. २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये संगणकाने त्याला महाकाय कोळ्याशी लढवले, आणि लोकांनी मिटक्या मारत संगणकालाच नावे ठेवली.

पहिले छायाचित्र आल्यावर दुसरी फेरी सुरू होते. तिला नटाची गरज नसते. २०२४ च्या मे महिन्यात डेव्हिड कोरनस्वेटच्या सुपरमॅनचे छायाचित्र आले: खिडकीबाहेर शहरावर काहीतरी आक्रीत कोसळते आहे आणि हे गृहस्थ बसून बूट चढवत आहेत. पोशाख ढगळ, कापडाला सुरकुत्या. जगातली सर्वांत बलाढ्य व्यक्ती इस्त्री न करता बाहेर पडते, याचा अनेकांना मनापासून त्रास झाला. १९७८ चा ख्रिस्तोफर रीव्ह इथे उदाहरणादाखल काढावाच लागतो. निवड झाली तेव्हा तो किरकोळ अंगाचा होता, आणि डार्थ व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझने त्याच्याकडून व्यायाम करवून घेतला, हे सांगायचे की नाही ते आपण कोणत्या बाजूला आहोत त्यावर ठरवावे.

माघारीचे तंत्र सहसा सोपे असते. ‘आपण दबाव आणला म्हणून त्यांनी मेहनत घेतली’ एवढे म्हटले की भागते. हीथ लेजरच्या बाबतीत ते कोणाला जमले नाही. २००६ मध्ये जोकर म्हणून त्याचे नाव आले तेव्हा ‘ब्रोकबॅक माउंटन’वरून जे विनोद झाले ते आज कोणी पुन्हा वाचून दाखवणार नाही. २२ जानेवारी २००८ ला तो गेला, ‘द डार्क नाइट’ जुलैत लागला आणि ऑस्कर पुढच्या वर्षी त्याच्या कुटुंबीयांनी स्वीकारले. ज्यांना ‘चुकलो बाबा’ म्हणायचे होते त्यांना ऐकायला माणूसच उरला नव्हता.

आता शेवटचा, केवळ मुरलेल्यांसाठीचा पाठ. जुलै २०२४, सॅन डिएगोचे कॉमिक-कॉन. हिरव्या झग्यातल्या माणसाने व्यासपीठावर मुखवटा काढला आणि डॉक्टर डूम म्हणून समोर उभा कोण, तर रॉबर्ट डाउनी ज्युनियर. २००८ पासून आयर्न मॅन, म्हणजे टोनी, म्हणून ज्याला डोक्यावर घेतले, २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये ज्याच्या मरणावर थिएटरात हुंदके दिले, तोच आता खलनायक. वहीतला डाव्या-उजव्या पानांचा नियम इथे निकामी होतो, कारण ज्याचे गुण आठवून याला नाकारायचे तो नटही हाच. ‘आमच्या टोनीची सर नाही याला’ असे टोनीच्याच तोंडावर सांगावे लागते. उंचीवर बोलावे तर चिलखत आहे. चेहऱ्यावर बोलावे तर डूमच्या तोंडावर लोखंडी मुखवटा. तरी खचून जाऊ नये. चित्रपट डिसेंबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. तोवर ‘झाकायचाच होता तर एवढा महागडा चेहरा घेतला कशाला’ ही हरकत चालू ठेवावी. आणि मध्यंतराच्या सुमारास त्याने मुखवटा काढलाच, तर शेजारच्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणावे, ‘कॉमिक्समधला डूम असा ऊठसूट तोंड दाखवत नाही हं.’