दंडाविषयी अनावृत पत्र

प्रति,
शिरूर आणि दौंड तालुक्यांतील, वेशसंहितेची पाटी रंगवायला टाकलेले किंवा टाकण्याच्या विचारात असलेले समस्त विश्वस्त, पंच आणि गावकीचे मानकरी यांस.

विषय : सभामंडपात लस टोचून घेताना कोणाचा दंड किती उघडा असावा याबाबत.

महोदय,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नमस्कार फुल बाहीचा आहे, मनगटाची बटणं लावलेली आहेत, कृपया स्वीकार व्हावा.

पाट्यांचा हंगाम सध्या चांगला आहे. मे २०२३ मध्ये तुळजापूरला हाफ पँट आणि बर्मुडावाल्यांना मज्जाव करणारी पाटी लागली आणि त्याच दिवशी तो निर्णय मागेही घेतला गेला. पण रंगाऱ्यांनी मजकूर जपून ठेवला असावा. २०२५ उजाडलं आणि प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाने, मग जेजुरीच्या खंडोबाने (म्हणजे त्यांच्या विश्वस्तांनी, देवांनी स्वतः यावर काही म्हटल्याचं ऐकिवात नाही) आणि पुढे चिंचवड देवस्थानानेही भाविकांनी काय घालून यावं ते जाहीर केलं. चिंचवडकरांकडे मोरगाव आणि थेऊरबरोबर सिद्धटेकही येतं, आणि सिद्धटेक म्हणजे दौंडकरांना भीमा ओलांडली की आलंच. तेव्हा आज ना उद्या आपल्याकडच्या भैरवनाथाच्या, मारुतीच्या आणि फिरंगाईच्या दारातही पाटी उभी राहणार हे गृहीत धरून हे पत्र लिहितो आहे.

पाटी लावू नका असं मी म्हणत नाही. रंगाऱ्याचंही पोट आहे. फक्त त्याला ॲडव्हान्स देण्याआधी महिन्यातल्या एका दिवसाचा विचार व्हावा. त्या दिवशी आरोग्य उपकेंद्राची सिस्टर निळा लसवाहक डबा खांद्याला अडकवून गावात येते. अंगणवाडीचा पत्रा गळत असतो, शाळेत परीक्षा असते, ग्रामपंचायतीच्या हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते तो बाजाराला शिरूरला गेलेला असतो. मग आशाताई सगळ्यांना बोलावून घेते ते थेट देवळाच्या सभामंडपात. सावली आहे, फरशी पुसलेली आहे, नळाला पाणी आहे, आणि पत्ता सगळ्यांना माहीत आहे. जागा उत्तमच.

अडचण जागेची नाही, चार बोटांची आहे. मोठ्या माणसाची बहुतेक लस दंडाच्या वरच्या भागातल्या स्नायूत देतात. खांद्याचं हाड हाताला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडली की ती जागा येते. आणि पाट्यांचा मजकूर चाळला तर झाकायला सांगितलेली जागा नेमकी तीच. पाटी म्हणते खांदा झाका, सिस्टर म्हणते खांदा मोकळा करा, आणि दोघी एकाच खांबाला टेकून उभ्या. भाविकाने कोणाचं ऐकायचं? देवाला विचारावं तर रांजणगावच्या महागणपतीची कथा आठवते. त्याची मूळ मूर्ती तळघरात आहे, तिला दहा सोंडा आणि वीस हात आहेत अशी श्रद्धा आहे. वीस हात, आणि बाही एकालाही नाही.

वैद्यकीय निकष कडकपणे लावला तर संपूर्ण देवळात योग्य पोशाखातला माणूस एकच निघतो, तो म्हणजे पुजारी. सोवळं नेसलेला, वर उघडा, फार तर खांद्यावर उपरणं. ते बाजूला केलं की दंड तयार. सिस्टरच्या स्पर्शाने ओवळं झालं तर पुन्हा आंघोळ करावी. लस घेतल्यावर आंघोळ करायला मनाई नाही. दुसरा क्रमांक वारकरी आजोबांच्या अर्ध्या बाहीच्या बंडीचा. आणि तिसरा, सांगायला संकोच वाटतो, तालमीतून थेट आलेल्या सँडो बनियनवाल्या पोराचा, ज्याला पाटी सगळ्यात आधी दारातून हाकलणार आहे. त्याच्याबाबत सिस्टरची तक्रार वेगळीच असते. तो बेटकुळी काढून दाखवतो. अहो, दंड सैल सोडायचा असतो. शिवाय तिथे महाराज गोंदवलेले असले तर सुई कुठे टोचावी हा आणखी एक भावनिक प्रश्न.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे कडक इस्त्रीची पांढरी फुल बाही. तीन घड्या घालून ती कोपराच्या वर चढवली की दंडाभोवती दोरीसारखी आवळून बसते, आणि तरी सिस्टरला हवी ती जागा झाकलेलीच राहते. सरळ दोन बटणं सोडून खांदा बाहेर काढला तर काम क्षणात होतं, पण मग बनियन फोटोत येतं. लस राहिली तरी चालेल, फोटो राहून चालत नाही. तेव्हा पाटीवर पुढाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम असावं: बाही ओढावी कुठवर आणि मोबाईलवाल्याने उभं राहावं कुठे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतले कामगार कंपनीच्या जाड शर्टात येतात, त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना फोटो नको असतो, शिफ्टची वेळ गाठायची असते.

आता बायकांकडे येतो. पाट्या मुख्यतः त्यांच्यासाठीच असतात, त्यामुळे आपण इथे अधिक लक्ष द्याल अशी खात्री आहे.

साडीचा पदर आपल्याकडे डाव्या खांद्यावरून जातो. लस शक्यतो ज्या हाताने काम करत नाही त्या हाताला देतात, म्हणजे बहुतेकींना डाव्याच. म्हणजे सुईच्या जागेवर आधी पदर, पदराखाली ब्लाऊजची बाही. आजींच्या चोळीची बाही कोपरापर्यंत येते आणि दंडाला इतकी घट्ट बसते की वर सरकतच नाही. ती खांद्यावरून खाली उतरवायची तर पुढचे हुक सोडावे लागतात. सभामंडपात, ग्रामदैवतासमोर, पारावर बसलेल्या अर्ध्या गावासमोर. पूर्वी देवीची लस घेतलेल्या या आजींच्या दंडावर तो गोल व्रण अजून आहे. तेव्हा कशी घेतली, असं विचारलं तर म्हणतात, तेव्हा लहान होतो, परकर-पोलक्यात. गरोदर बायकांना धनुर्वाताची लस दंडावरच घ्यायची असते, आणि त्यांचं वय तर पाटी लिहिणाऱ्यांच्या सर्वांत काळजीचं.

उसाच्या हंगामात या प्रश्नाला आणखी एक थर चढतो. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या फडांवर मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येतात. उसाचं पाचट हाताला कापतं म्हणून बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट चढवते. डोक्याला रुमाल, त्यावर पदर, वर शर्ट, शर्टाखाली ब्लाऊज. जगातली कोणतीही वेशसंहिता याहून जास्त झाकायला सांगू शकणार नाही. या बाईला आपण पाटीशेजारी आदर्श म्हणून उभं करू शकता. फक्त तिला लस द्यायची म्हटलं की एकेक थर उतरवावा लागतो, आणि सोबतिणीने पदर ताणून धरावा तेवढाच तिचा आडोसा. बऱ्याच जणी मग पुढच्या वेळी घेऊ म्हणून फडावर परत जातात. पुढच्या वेळी टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेलेली असते.

या जिल्ह्याला आडोशाची किंमत माहीत असायला हवी होती. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघर तपासणी झाली. बायकांना चारचौघांत उभं करून काखा-जांघांतल्या गाठी तपासल्याच्या तक्रारी झाल्या. प्लेगचा बंदोबस्त गरजेचा होता, यावर आज कोणी वाद घालणार नाही. पण तो कसा केला गेला याचा संताप साठत गेला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं आणि ते थेट गव्हर्नरपर्यंत गाजलं. या रमाबाई म्हणजे आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या. तेव्हा या विषयावर जाहीर पत्र पाठवण्याचा आगाऊपणा मी प्रथमच करतो आहे असं समजू नये. फरक एवढाच की त्यांच्या पत्रात विनोदाला जागा नव्हती.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तर आपला प्रश्न किती खास आहे ते कळतं. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडात सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये करोनाची लस दिली, आणि लोक बसलेले असताना ऑर्गन वाजवला. लंडनमध्ये नीस्डनच्या स्वामिनारायण मंदिरातही लसीकरण झालं. त्यांची अडचण थंडीची: कोट, त्याखाली स्वेटर, त्याखाली शर्ट. म्हणून तिकडच्या सूचना साध्या असतात, सैल बाहीचं काहीतरी घालून या. सभ्यतेचा अर्थ तिथे थर्मामीटरने ठरला.

आपल्याकडे ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी करोनामुळे बंद असलेल्या देवळांची दारं उघडली आणि दुसऱ्याच दिवसापासून आठवडाभर राज्याने ‘मिशन कवचकुंडल’ ही लसीकरणाची मोहीम चालवली. नाव छान होतं. पण आरोग्य खात्यात कोणी कर्णाच्या पोशाखाचा विचार केलेला दिसत नाही. जन्मजात कवच असलेला माणूस सभामंडपात आला असता तर सिस्टरला इंद्रासारखं हात पसरून म्हणावं लागलं असतं, बाबा, आधी ते काढ.

राहिला चपलांचा मुद्दा. देवळात चप्पल नको हे मान्य, त्यावर माझा वाद नाही. फक्त त्या दिवशी तिथे सुया असतात. सुई वापरली की सिस्टर ती लगेच हब कटरमध्ये कापते, पण एखादी हातातून निसटली तर फरशीवर सगळेच अनवाणी. तेव्हा सिस्टरच्या टेबलापुरती तरी चप्पल चालवून घ्यावी, किंवा टेबल मंडपाच्या बाहेरच्या ओट्यावर घ्यावं. लेकरांच्या बाबतीत मात्र सगळे उदार असतात. तान्ह्याला लस मांडीत देतात, त्याचं झबलं कंबरेपर्यंत वर केलेलं असतं, आणि एकाही विश्वस्ताची भावना दुखावल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणून माझी नम्र सूचना. पाटी रंगवाच, पण मागच्या बाजूनेही. पुढची बाजू आपली, मागची सिस्टरची. सत्राच्या दिवशी फिरवून ठेवता येईल. मजकूर असा सुचवतो: ‘पुरुषांनी आत बनियन घालून यावं आणि बटणं सोडायला लाजू नये. बायकांनी शक्य असल्यास सैल बाहीचा ब्लाऊज किंवा झंपर घालावा, जुना चालेल, सणाचा नको. बुरख्यातल्या बहिणींना पडद्याआड घ्यावं. ज्यांना लस घ्यायची नाही त्यांनी पारावरून उठून घरी जावं.’ शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत.

पडद्याचा खर्च म्हणाल तर तो शून्य आहे. यात्रेच्या वेळी महाप्रसादाच्या चुलीभोवती लावायची कनात देवस्थानच्या कोठीत गुंडाळून पडलेली असते. तमाशाच्या राहुटीला लागते तेव्हा ती अर्ध्या तासात निघते. चौफुल्याच्या थिएटरात मेकअपच्या खोलीला पडदा असतो, तर ग्रामदैवताच्या मंडपात सुनांसाठी का नसावा? दोन खांबांना सुतळी बांधायची, कनात टाकायची, आत एक खुर्ची आणि शर्ट अडकवायला एक खिळा. खिळा ठोकायची परवानगी हवी म्हणून तर हा एवढा पत्रप्रपंच. कोठीची किल्ली कोणत्या मानकऱ्याकडे असते तेवढं आशाताईला आदल्या दिवशी कळवावं, म्हणजे तोही बाजाराला निघून जाणार नाही.

आपला विनम्र,
अर्ध्या बाहीचा एक भाविक

ता. क. : टोचलेल्या जागी अंगारा, हळद, लिंबू यांपैकी काहीही चोळू नये. अंगारा कपाळाला लावावा. हे कलम पाटीच्या दोन्ही बाजूंना घातलं तरी चालेल.