आखूड दांडीचं दुखणं

वाटणीत थोरल्या भावाकडे ट्रॅक्टर गेला आणि माझ्याकडे ट्रॉली आली. पंचांच्या मते हा न्याय होता. दोन वर्षं ट्रॉली आंगणात उभी राहिली. तिच्यात आधी पाणी साचलं, मग भोपळ्याचा वेल चढला, आणि शेवटी बायको म्हणाली, "एक तर हिला ओढणारा आणा, नाहीतर भोपळे विकायला बसा."

म्हणून जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. अठरा एचपीचा. गावातल्या पंचेचाळीस एचपीवाल्यांनी त्याला पाहून "पोट्टा आला" एवढंच म्हटलं. आता पोट्ट्याला ट्रॉली जोडायची तर हूक हवा, आणि हूक या विषयावर लाखनी तालुक्यात मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

ट्रॅक्टरच्या मागे जोडायला जागा तीन. खाली गिअरबॉक्सला बसवलेला हूक, हायड्रॉलिकच्या दोन हातांत अडकवलेली छिद्रांची पट्टी, आणि सगळ्यात वर टॉप लिंकची पिन. मला वरची पिन आवडली, कारण तिथे वाकावं लागत नव्हतं. हायवेलगतच्या वेल्डरने कपाळावर हात मारला. "वरून ओढाल तं पोट्टा घोड्यावानी उभा होईल जी, अन् तुम्ही खाली." त्याने फरशीवर खडूने चाक काढलं, आसाच्या वर एक बाण, आसाच्या खाली एक बाण. ओढ आसाच्या वरून आली की पुढची चाकं उचलतात. हॅरी फर्ग्युसन नावाचा आयरिश माणूस याच दुखण्यामागे लागला होता. तेव्हा नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर चालकासकट मागे उलथायचा. त्यावर त्याने तीन हातांची जोडणी बसवली, आणि १९३९ साली ती फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आली. वेल्डरला फर्ग्युसन ठाऊक नव्हता. त्याच्या खडूला होता.

खालचा हूक ठरला. मग बाबा आले. बाबांचं आयुष्य बंडीवर गेलं. भार मागे गेला की बंडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं. फार पुढे आला तर बैल गुडघे टेकतात. बंडी भरून झाली की बाबा जुवाखाली खांदा देत आणि सांगत, "दोन कट्टे मागं घ्या." तो खांदा त्यांनी आता ट्रॉलीच्या दांडीला दिला. दांडी हलली नाही. बाबा म्हणाले, "बैल बदलला म्हणून का झालं?"

त्याच रात्री टेक्सासहून भाच्याचा फोन आला. योगायोग असा, की त्यालाही हूकच घ्यायचा होता. त्याच्याकडे साडेपाच फुटी हौद्याचा पिकअप, आणि मागे जोडायचं होतं चाकांवरचं तीस फुटी घर. "आखूडशिंगी, बहुदुधी," मी म्हणालो. हौदा आखूड कशाला घेतला, तर गॅरेजमध्ये मावत नव्हता! त्याची अडचण मात्र खरी होती. असल्या घराची जोडणी मागच्या आसाच्या वर, हौद्यातच बसते. आखूड हौद्यात ती केबिनच्या जवळ येते, आणि तीव्र वळण घेतलं की घराचं नाक केबिनची मागची काच फोडतं. त्यावर तिथे सरकता हूक मिळतो. वळताना खाली उतरायचं, दांडा ओढायचा, हूक मागे सरकवायचा, मग वळायचं. मी पोटभर हसलो. अमेरिकेला हसायची संधी भंडाऱ्यात वारंवार येत नाही.

चार दिवसांनी आमच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे पाळणे, जिलेबी, दंडार, आणि पंचक्रोशीतले झाडून सगळे पाहुणे रस्त्यावर. नेमका त्याच दिवशी मी धानाचे चाळीस कट्टे, म्हणजे सोळा क्विंटल, घेऊन निघालो. बाजाराच्या कोपऱ्यावर स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि मागून चर्रर्र असा आवाज आला. ट्रॉलीचा कोपरा मागच्या टायरवर चढला होता. दांडी आखूड. मागे घ्यायला गेलो तर ट्रॉली नेहमीप्रमाणे उलट्या दिशेला गेली आणि जिलेबीवाल्याच्या कढईसमोर थांबली. डफ वाजायचा थांबला. पाळण्यात वर अडकलेल्या माझ्याच एका विद्यार्थ्याने ओरडून विचारलं, "गुरुजी, काटकोन असाच ना?"

मी गणित शिकवतो. एकोणतीस वर्षं.

शेवटी कट्टे उतरवले, आठ जणांनी ट्रॉली उचलून सरकवली, आणि प्रत्येकाने हूक कोणता घ्यायला हवा होता हे सांगितलं. वेल्डरने मात्र हुकाला हात लावला नाही. "हूक मागं काढला तं तोंड हलकं होईल पोट्ट्याचं. दांडी वाढवू." त्याने दीड फुटाचं चॅनल जोडलं, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या, पिनला साखळीचं कुलूप घातलं. भाच्याने सरकता हूक घेतल्याचं कळवलं तेव्हा मी हसलो नाही.

आता बाजाराचं वळण एका दमात सुटतं. फक्त कोठ्याचं दार लागत नाही. दीड फूट दांडी बाहेर राहते, आणि बाबा तिच्यावर धोतर वाळत घालतात.